पाटीवर नाव कुणाचं

चेन्नईहून तिरुच्चीकडे जाताना महामार्गावर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ अशी पाटी दिसली म्हणून कुंभकोणम जवळ आलं असं समजू नये. कुंभकोणम त्या रस्त्यावर नाहीच. तरी पाट्या एकामागून एक भेटत राहतात. दाराशी पितळी दवरा-टंबलर मांडलेले असतात. प्रवासी गाडी थांबवतो, कुंभकोणम प्यायल्याच्या समाधानात मिशा पुसतो आणि पुढे जातो. मला या पाट्यांचा राग येत नाही. कॉफी बहुतेक वेळा बरी असते, कधीकधी फार चांगली असते आणि फसवणूक झालीच तर ती चार घोटांची असते.

‘डिग्री’ म्हणजे काय, याबद्दल माझ्या सासरच्या या गावात तीन मतं ऐकू येतात. एक मत लॅक्टोमीटरचं : दुधाचा कस ज्या अंशांत मोजतात, ती डिग्री. दुसरं, फिल्टरमधून उतरलेला पहिला अर्क म्हणजे पहिली डिग्री. तिसरं, चिकोरीचा तमिळ जिभेवर झालेला अपभ्रंश. मला पहिलं पटतं, कारण पाणी न घातलेलं गाईचं दूध हीच या कॉफीची खरी अट आहे. जुने लोक लक्ष्मी विलासच्या पंचापिकेश अय्यरांचं नाव आदराने घेतात, पण महामार्गावरच्या पाटीवर ते नाव नसतं. पाटी एवढंच सांगते की दूध असं असेल. ते तसं आहे की नाही, हे कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिल्या घोटात कळतं.

माझं भांडण दुसऱ्या पाटीशी आहे. टीव्हीवर ज्याला आपण भाजी परतताना पाहिलं, त्या शेफचं नाव असलेली पाटी. यात्रेच्या आणि सहलीच्या गावांत ती आता सगळीकडे लागते आहे. गोव्यात लागली, उदयपूरकडे लागली, आणि कावेरीच्या खोऱ्यातही बागबगीचा असलेल्या हेरिटेज रिसॉर्टच्या मेन्यूकार्डावर ती येऊन बसली आहे. हे जेवण त्या किमतीचं असतं का, असं मला पुण्याचे पाहुणे विचारतात. माझं उत्तर आहे : नाही. पण ‘महाग म्हणून वाईट’ हे त्याचं कारण नाही. ते कारण देणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. १९९२ मध्ये वोल्फगँग पक या शेफने लास वेगासच्या एका जुगारखान्याला जोडलेल्या बाजारपेठेत आपल्या ‘स्पागो’ची शाखा काढली. मूळ ‘स्पागो’ लॉस एंजेलिसमधलं. ती चालली, तसे बाकीचे मोठे शेफ रांगेने आले. प्रवासी गावात एक सोय असते : गिऱ्हाईक परत येणारच नसतं. गल्लीतल्या खानावळवाल्याला उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं, म्हणून आमटी बिघडली की तो आज ओशाळतो. प्रवाशाला मात्र कुणाची आमटी चांगली, हे कुणी सांगणारं नसतं. मग तो ओळखीचं नाव शोधतो. शेफ ते नाव भाड्याने देतो : मेन्यू आखून द्यायचा, सुरुवातीला चार दिवस आचाऱ्यांना शिकवायचं, ठरलेली फी किंवा विक्रीतला हिस्सा घ्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं. जोएल रोबुशाँ २०१८ मध्ये वारले. लास वेगासमधलं त्यांच्या नावाचं रेस्टॉरंट त्यानंतरही चालू राहिलं. मेलेल्या माणसाच्या नावाने दुकान चालणं आपल्याकडेही नवीन नाही, पण आपण निदान फोटोला हार घालतो.

आपल्याकडेही हे उघडपणे चालतं. संजीव कपूर यांनी १९९३ पासून ‘खाना खजाना’त आमच्या पिढीच्या आयांना पनीर शिकवलं. त्यांच्या ‘द येलो चिली’च्या फ्रँचायझी शाखांत कुणी जात असेल, तर त्या मायेपोटीही जात असेल. त्यात लपवाछपवी काही नाही. प्रश्न पाटीवरच्या नावाचा आणि शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा आहे. आणि हा प्रश्न शेफ जन्मायच्या आधीचा आहे.

तमिळ इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती यांनी कॉफीवर लिहिलं आहे. तमिळ मध्यमवर्ग कॉफीभोवती कसा घडला, कॉफी हॉटेलांत जात कशी बसली होती, हे त्यातून कळतं. त्या काळची पाटी म्हणजे ‘ब्राह्मणांचं हॉटेल’. जुन्या पुण्या-मुंबईतल्या ‘ब्राह्मणी खानावळी’ची सख्खी बहीण. पाटी प्रवाशाला सांगायची : तू अनोळखी गावात आहेस, पण कुणाच्या हातचं खातो आहेस याची काळजी नको. १९५७ मध्ये पेरियारांच्या कार्यकर्त्यांनी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेपुढे महिनोन्‌महिने निदर्शनं केली, ती पाटीवरच्या त्या एका शब्दासाठी. हॉटेल चालू राहो, शब्द उतरवा, एवढीच मागणी. अखेर तो उतरला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पाटीवरचं नाव ही नुसती सजावट नसते, हे त्या लोकांना नीट कळलं होतं.

आता थाळी.

कुंभकोणमपासून गाडीने थोड्याच अंतरावर असलेल्या एका रिसॉर्टमध्ये (नाव घेत नाही) आम्ही चौघं ‘शाही तंजावर-मराठा थाळी’ खायला गेलो. थाळी एका नामवंत शेफने ‘क्युरेट’ केलेली. किंमत २,२०० रुपये. खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांच्या वर असलेलं हॉटेल, म्हणून जेवणावर ५ ऐवजी १८ टक्के जीएसटी. म्हणजे माणशी २,५९६. याच गावात त्या पैशांत आमचं सगळं घर महिनाभर रोज सकाळी इडली-कॉफी घेऊ शकलं नसतं, पण आठवडाभर नक्की.

जेवण वाईट नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण अशा लेखांत जेवण हटकून वाईट निघतं. भात मऊ होता, पोळी चांगली होती. पण पानात राजवाड्यातलं मांस आणि अग्रहारातलं डांगर शेजारीशेजारी होतं आणि दोन्हीवर एकच ‘शाही’ शिक्का. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १६७० च्या दशकात व्यंकोजींपासून सुरू झालं आणि १८५५ मध्ये कंपनीने ते खालसा केलं. त्या पावणेदोनशे वर्षांत इथे आलेल्या मराठी माणसांत राजे होते, शिपाई होते, कारकून होते, कीर्तनकार होते. त्या सगळ्यांची चूल एक नव्हती. सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती सरस्वती महालात मराठीत लिहिलेल्या आहेत, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून छापूनही झाल्या आहेत. ज्याला शाही हवं त्याने तिथे बसावं. वाढप्याने मात्र आम्हाला सांबाराची गोष्ट सांगितली : संभाजीराजे पाहुणे आले, आमसुलं संपली होती, चिंच घातली, म्हणून सांबार. या गोष्टीला समकालीन कागदाचा आधार कुणी दिलेला माझ्या पाहण्यात नाही. ती गोड आहे आणि थाळीच्या किमतीत धरलेली आहे.

आणि मग डांगर आलं. वाटीत दही, त्यात भाजलेल्या उडदाचं पीठ, मोहरी-हिंगाची फोडणी, आणि वर तुपात तळलेला कडुलिंबाचा वाळवलेला मोहर. कार्डावर लिहिलं होतं की हा पदार्थ राजवाड्याच्या स्वयंपाकघरातून ‘पुन्हा शोधून काढला’ आहे.

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाई ऐंशी पार केलेल्या आहेत. इथल्या रायर मंडळींच्या, म्हणजे तंजावरी मराठी ब्राह्मणांच्या, लग्नकार्यांत त्यांनी आयुष्यभर स्वयंपाकावर देखरेख केली. डांगरावर कडुलिंबाचा मोहर घालणं ही त्यांची रीत. ती त्यांनी भिंतीपलीकडच्या तमिळ शेजारणीकडून उचलली. त्या दोघींशिवाय मी ती कुणाकडे पाहिलेली नाही. थाळी सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी त्या शेफची माणसं त्यांच्या स्वयंपाकघरात दोन दिवस बसून होती. कॅमेरा होता, वही होती. उडीद भाजताना रंगावर जायचं नाही, वासावर जायचं, हे आत्याबाईंनी त्यांना तीनदा सांगितलं म्हणे. जाताना त्यांना एक शाल आणि मिठाईचा डबा मिळाला. शेजारीण तेव्हा वारलेली होती, तिला काहीच मिळायचं नव्हतं.

आत्याबाई आमच्याबरोबर रिसॉर्टला आल्या नाहीत. पैसे देऊन डांगर खायचं, या कल्पनेनंच त्यांना हसू येत होतं. कार्डावर काय लिहिलंय ते मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की दही आंबट होतं का. होतं. त्या म्हणाल्या, मग उडीद रंगावर भाजले असतील, म्हणून आंबटपणा झाकला गेला नाही. पाककृती चोरीला गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि अजून वाटतं.

डांगर कुणी केलं, म्हणून मी आत विचारलं. एक ओडिशाचा मुलगा बाहेर आला, विशीतला, हसरा. त्याने ते लॅमिनेट केलेल्या कार्डावरून आणि फोनवरच्या व्हिडिओवरून शिकलेलं होतं. शेफसाहेब उद्घाटनाला दोन दिवस आले होते, फोटो आहे, त्याने दाखवला. पगार विचारला तर संकोच न करता सांगितला. आमच्या चौघांच्या बिलात त्याचा अर्ध्याहून जास्त महिना बसत होता. वासावर भाजायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कार्डावर ‘सोनेरी होईपर्यंत’ असं होतं.

तेव्हा त्या २,५९६ रुपयांत मी काय विकत घेतलं? थंड हवा, पितळी ताट, बाग, सरकारचा कर, एक गोष्ट आणि एक नाव. डांगर ज्यांनी जपलं आणि ज्याने केलं, त्या दोघांकडे त्यातलं फारसं काही पोचलं नाही. वाईट जेवणाला एकवेळ क्षमा आहे. हा हिशेब मला चालत नाही.

यावर माझे पुण्याचे मित्र लगेच सांगतात, मग चाळीस रुपयांची इडली खा, तीच खरी. हा भाबडेपणा मला तितकाच खुपतो. तमिळ हॉटेलच्या भटारखान्यात ‘सरक्कु मास्टर’ नावाचा माणूस असतो. सांबार, भाज्या, चटण्या, रविवारचा कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचा तो पातळ, नारळ वाटून केलेला प्रकार, ज्यासाठी लोक रविवारची वाट बघतात) सगळं त्याच्या जिभेवर चालतं. तो पहाटे तीन-चारला उठतो. हॉटेलचं नाव कुठल्या देवाचं किंवा मालकाच्या आजोबांचं असतं, पण सरक्कु मास्टर सोडून गेला की आठवड्यात गावाला कळतं. त्याचा मुलगा हे काम करत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. स्वस्त इडलीच्या किमतीतही कुणाची तरी पहाट फुकट धरलेली असते. जुनी पाटी आणि नवी पाटी, दोघींच्या मागे तो माणूस सारखाच अदृश्य आहे. नव्या पाटीचा गुन्हा इतकाच मोठा की तिथे पैसे असतात. तिला परवडतं, तरी ती देत नाही.

शेफच्या नावाला काही अर्थच नाही, असंही मी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ‘सेम्मा’त दिंडिगुलकडच्या विजयकुमार यांनी लहानपणी शेतातून गोळा केलेल्या गोगलगाई ताटात मांडल्या. मिशेलिनचा तारा मिळाला. जे खाणं सांगायला घरी लाज वाटायची, ते लोक आता अभिमानाने सांगतात. तिथे नाव, आठवण आणि पाटी एकाच माणसाची आहे. त्या ताटाची किंमत भारी असेल, पण ती कुणाला जाते हे मला कळतं. असं कुणी कुंभकोणममध्ये उघडलं तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन. आत्याबाईंनाही ओढत नेईन.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हॉटेलच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक २०२२ पासून सक्तीने छापला जातो. तेव्हा जागा नाही ही सबब चालणार नाही. मेन्यूवर पदार्थाखाली दोन नावं छापा : कुणाकडून शिकला आणि आज कुणी केला. आचारी दर महिन्याला बदलतात, असं व्यवस्थापक सांगतील. मग दर महिन्याला कार्ड छापा. दर मोसमात किंमत बदलून छापताच. आणि नाव विकून जी फी शेफला जाते, तिचा एक भाग पदार्थ देणाऱ्या घराला द्या, जोवर तो पदार्थ कार्डावर आहे तोवर.

मागचं महामहम २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये आहे. तळ्याकाठच्या सोळा मंडपांभोवती तेव्हा मुंगीला वाट मिळणार नाही आणि आसपासची रिसॉर्ट्स आत्तापासून तयारीला लागतील. आणखी शाही थाळ्या लागतील, म्हणजे आणखी वह्या आणि कॅमेरे घेऊन माणसं आत्याबाईंसारख्यांच्या दारात येतील. या वेळी त्यांनी शाल आणू नये. करार आणावा, आणि तो तमिळमध्ये लिहिलेला असावा. आत्याबाई मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ.