पाच सेंटिमीटरची मोटार आणि मोजपट्टी



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी छोट्या रेल्वेची मांडणी करायचे ठरवले आहे. देखावा आहे १९६०च्या दशकातल्या पश्चिम जर्मनीतील तळ्याकाठच्या एका लहानशा स्टेशनाचा. त्या तळ्यात त्यांना एक उभयचर मोटार सोडायची आहे. हे कळल्यावर काही पालकांनी आम्हांला विचारले, "ग्वाल्हेरच्या मुलांचा या जुन्या परदेशी मोटारीशी काय संबंध? आणि हा खेळ झाला, यात अभ्यास कुठला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे, म्हणून हा लेख.

आधी मोटारीविषयी. बेडूक पाण्यात आणि जमिनीवर राहतो म्हणून आपण त्याला उभयचर म्हणतो. तशीच ही ॲम्फिकार ७७०. हान्स ट्रिपेल या जर्मन अभियंत्याने तिची रचना केली आणि १९६१ मध्ये ती बाजारात आली. नावातला आकडा पाण्यावर ७ नॉट आणि रस्त्यावर ताशी ७० मैल या वेगांवरून आला, असे सांगतात. ब्रिटिश ट्रायम्फ कंपनीचे ११४७ सीसीचे इंजिन मागच्या बाजूला, त्यावर चालणारे दोन पंखे मागच्या बंपरखाली, आणि पाण्यात सुकाणूचे काम पुढची चाकेच करीत. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडेही अशी एक मोटार होती. टेक्सासमधल्या आपल्या मळ्यावर ते पाहुण्यांना तीत बसवून उतारावरून तळ्याकडे नेत आणि "ब्रेक लागत नाही!" असे ओरडून त्यांची गाळण उडवीत. एकंदर ३,८७८ मोटारी बनल्या आणि उत्पादन थांबले. धंदा म्हणून ती फसली, पण तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता तिची प्रतिकृती. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आमच्या ओठांवर आधी 'पैमाना' येतो. मराठीत आपण त्याला प्रमाण म्हणतो. छोट्या रेल्वेच्या जगात सर्वांत रूढ प्रमाण आहे १:८७, ज्याला एचओ म्हणतात. खऱ्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की १६.५ मिलिमीटर येते, आणि एचओचा रूळ तेवढाच असतो. ॲम्फिकारची लांबी ४.३३ मीटर, म्हणजे प्रतिकृती जेमतेम ५ सेंटिमीटरची. ब्रिटनमध्ये मात्र त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर १:७६ प्रमाणाच्या गाड्या चालवतात. त्या मापाची ॲम्फिकार ५.७ सेंटिमीटर भरेल. दोन्ही एकाच टेबलावर ठेवल्या तर पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण काय खटकते ते सांगता येत नाही. पट्टी लावली की लगेच सांगता येते. पट्टी लावण्याची ही सवय आम्हांला हवी आहे.

खरी गंमत पुढे, पाण्यात आहे. मोटार रस्त्यावर ठेवली तर चाके पूर्ण दिसतात. पाण्यात ठेवली तर चाके आणि दारांचा खालचा भागही पाण्याखाली जातो. म्हणूनच खऱ्या मोटारीच्या दारांना रबरी पट्टी आणि घट्ट आवळणारी जादा कडी होती. तेव्हा प्रतिकृती तळ्याच्या पृष्ठभागावर नुसती ठेवून भागत नाही. ती किती बुडेल, हे मुलांना ठरवावे लागते.

इथे आर्किमिडीज भेटतो. मोटारीचे वजन १०५० किलो, म्हणजे रिकामी मोटार १०५० लिटर पाणी बाजूला सारते. लांबी ८७ पट कमी झाली तर वजनही ८७ पट कमी करायचे का? नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात, म्हणून ८७ चा घन, ६,५८,५०३ ने भागायचे. उत्तर येते सुमारे १.६ ग्रॅम. बाहेरचा आकार अचूक असेल आणि प्रतिकृती याहून जड असेल, तर ती खऱ्या मोटारीपेक्षा जास्त बुडेल. वेगाचेही तसेच. ७ नॉट म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटर. ८७ ने भागल्यावर सेकंदाला ४ सेंटिमीटर. एक मीटरचे तळे तिने साधारण २४ सेकंदांत ओलांडले पाहिजे. प्रमाण, घन, घनता, वेग हे सगळे नववीपर्यंतच्या पुस्तकांतलेच आहे. "हा अभ्यास कुठला?" या प्रश्नाला आमचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर इतिहासाचे. ॲम्फिकारशेजारी कोळशाचे इंजिन उभे करावे का? मुलांनी शोधून काढले, की पश्चिम जर्मनीच्या रेल्वेवर वाफेची इंजिने १९७७ पर्यंत धावत होती. म्हणजे चालेल. पण त्याच फाटकावर १९८० सालची मोटार थांबलेली दाखवली तर देखावा खोटा ठरतो. प्रत्येक वस्तूला विचारावे लागते, तू तेव्हा तिथे होतीस का?

आपल्या गावाला छोटी रेल्वे नवी नाही. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती सुंदर आहे, पण ती पाहुण्यांच्या सरबराईची गाडी. एखाद्या खऱ्या गाडीचे मोजून उतरवलेले रूप नव्हे. खेळणे आणि प्रतिकृती यांतला फरक मुलांना तिथेच दाखवता येईल. सुटीत पुण्याला आजोळी जाणाऱ्यांनी कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर पाहावे. १९९८ साली ते खुले झाले.

आता थोडे कडू बोलतो. दर वर्षी प्रदर्शनात काही प्रकल्प बाजारातून तयार आणलेले असतात, तर काही आई-बाबांनी रात्र जागून पुरे केलेले. ते दिसायला नीटनेटके असतात, पण "हे एवढेच मोठे का केले?" असे विचारले की मूल गप्प होते. त्या गप्प होण्याचे आम्हांला वाईट वाटते. नंबराच्या लोभाने आपण मुलाला दुसऱ्याचे काम आपले म्हणून मांडायला शिकवतो आहोत, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा. पुठ्ठ्याची, एका बाजूला थोडी वाकडी, पण स्वतः मोजून केलेली पाच सेंटिमीटरची मोटार आम्हांला अधिक मोलाची वाटते.

यात वेळ जातो, हे खरे. दहावीच्या मुलांना आम्ही यात ओढणार नाही. खर्चाचेही भान आहे. परदेशी बनावटीच्या तयार प्रतिकृती महाग असतात. त्या विकत घेण्याचा आमचा विचार नाही. पुठ्ठा, फेविकॉल, रंग आणि धीर एवढ्यावर काम होते.

विश्वस्त मंडळाकडे आमची मागणी छोटी आहे. प्रयोगशाळेलगतच्या खोलीत ८ फूट बाय ४ फुटांचा एक प्लायवूडचा तक्ता, एक कुलपाचे कपाट, चार स्टीलच्या पट्ट्या आणि दोन व्हर्नियर कॅलिपर द्यावेत. तो तक्ता १:८७ मध्ये २१२ मीटर लांब आणि १०६ मीटर रुंद जमीन होईल. नियम एकच राहील. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी हवी: खरे माप, प्रमाण, साल, कोणी केले. जे अंदाजाने केले, तिथे 'अंदाज' असे लिहायचे.

आणि जर्मन स्टेशनच का, याचे उत्तर. तिथली मापे आणि रूळ सहज जुळतात, म्हणून सुरुवात तिथून. पुढच्या वर्षी आपली नॅरो गेज करायची. २०२० मध्ये थांबलेली ती घोसीपुरा, मोतीझीलची गाडी. तिच्या रुळांमधले अंतर ६१० मिलिमीटर, १:८७ मध्ये ७ मिलिमीटर. बाजारातला ६.५ मिलिमीटरचा रूळ त्याच्या जवळपास येतो. पण डब्यांची, फलाटाची मापे आपल्यालाच गोळा करावी लागतील. ज्या आजोबा-आजींकडे त्या गाडीचे जुने फोटो असतील, किंवा ज्यांनी रेल्वेत नोकरी केली असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावे. नववीची मुले पट्टी आणि वही घेऊन आपल्या घरी येतील.