फोटो खोटा, मग मान खाली कुणाची?

परवा संध्याकाळी ऑफिसातून येऊन आम्ही हातपाय धूत होतो, तोच वस्तीतले एक गृहस्थ दारात आले. बसा म्हटले तरी बसेनात. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. चुलतबहिणीच्या लग्नातला तिचा फोटो कुणी उचलला, तिचा चेहरा एका विवस्त्र शरीरावर बसवला आणि पोरांच्या ग्रुपवर टाकला. गृहस्थांनी दोन गोष्टी केल्या होत्या. मुलीचा मोबाइल काढून घेतला आणि तिचे कॉलेज बंद केले.

"भाऊ, माझी पोर तशी नाही हो," ते म्हणाले.

आम्ही म्हटले, "चोरी तुमच्या घरी झाली आणि कोंडलंत कुणाला?"

बंधुभगिनींनो, पूर्वी असा खोटा फोटो करायला स्टुडिओतला कसबी माणूस लागे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप एका साध्या फोटोवरून हे काम काही मिनिटांत करते. अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या व्हिडिओवर लावून 2023 च्या नोव्हेंबरात देशभर फिरवला गेला. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी त्या प्रकरणात एका तरुणाला पकडले. मग "तू फोटो काढलासच कशाला?" हा प्रश्न लेकीला विचारण्यात काय अर्थ आहे?

कायदा काय म्हणतो? या गुन्ह्याच्या नावाचे वेगळे कलम भारतीय न्याय संहितेत नाही, म्हणून कायदा नाही असे कुणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 प्रमाणे अश्लील मजकूर पसरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास 3 वर्षांपर्यंत कैद व 5 लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक कृत्याचे चित्र असेल तर 67अ लागते; तेथे 5 वर्षे व 10 लाख. बदनामीसाठी खोटा इलेक्ट्रॉनिक दस्त बनवणे हा न्याय संहितेच्या कलम 336 खाली गुन्हा आहे. मुलगी 18 वर्षांखालील असेल तर पोक्सो लागतो. 2019 च्या दुरुस्तीने त्यात संगणकावर बनवलेले चित्रही धरले आहे.

आता करायचे काय? पहिले, घाबरून काही पुसू नका. नंबर, तारीख, वेळ, लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पण तो नातेवाइकांना दाखवत फिरू नका. दुसरे, पैसे मागितले तर देऊ नका. मागणारा एकदा घेऊन थांबत नाही. तिसरे, पोलीस ठाणे गाठा. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परतू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावीच लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर घरबसल्याही तक्रार करता येते. चौथे, फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपनीकडे लगेच तक्रार करा. मुलीच्या वतीने दुसऱ्यानेही केली तरी चालते. असे चित्र काढायला कंपनीला पूर्वी 24 तास मिळत. फेब्रुवारी 2026 च्या नियमांनी ते 2 तासांवर आणले आहेत.

आणि ग्रुपवरच्या तरुणांनो, तुम्हालाही दोन शब्द. "मी बनवला नाही, फक्त पुढे पाठवला" ही सबब कोर्टात चालत नाही. 67 आणि 67अ मध्ये पाठवणाराही गुन्हेगारच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या ग्रुपवर पंचवीस-तीस पोरे होती. ती मुलगी त्यांच्या बहिणींबरोबर शाळेत गेली. "हे काढ" असे म्हणणारा एकही निघू नये? आम्हाला त्या फोटोपेक्षा हे मौन जास्त बोचले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुलीला घरातूनच आधी मिळाला पाहिजे. आई-वडील पाठीशी असतील तरच ती ठाण्याची पायरी चढेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकली आणि गृहस्थांसोबत ठाण्यात गेलो. तक्रार मुलीने स्वतःच्या हाताने लिहिली. निकाल लागेल तेव्हा लागेल. सोमवारी ती कॉलेजला गेली. वडील बसस्टॉपपर्यंत सोबत गेले, मान वर करून.