लातूरची पेठ आणि पाणी

लातुरास कारखाने व वखारी वाढवाव्या, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. आमचा त्यास विरोध नाहीं. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे येथवर आली आणि पेठ भरभराटली. आज ती तूर व सोयाबीन यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु ज्या मार्गानें आपलें धान्य बाहेर गेलें, त्याच मार्गानें एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें विसरूं नये. म्हणून फार पाणी लागणाऱ्या कारखान्यांपेक्षां डाळीच्या गिरण्या व वखारीच येथें शोभतील. मात्र त्यांत शेतकऱ्यांचे भाग असावेत. हप्त्याच्या तगाद्यापायीं सुगींतच माल विकणारे आम्हीं महसुली नोकरींत पुष्कळ पाहिले. नफा वखारवाल्याच्या पदरीं पडला. तो आतां आपल्या पदरीं पडावा.