संमती कुणी तपासली? रत्नागिरीकरांना जाहीर आवाहन

रत्नागिरी जिल्ह्यातल्या समस्त प्रौढ नागरिकांना, त्यातही पुरुषांना, ही विनंती आहे: मोबाईलवर पॉर्न पाहणं सोडा. संस्कृती, ब्रह्मचर्य किंवा पाप यांचा धाक इथे घालायचा नाही, मुद्दा एकच आहे. पडद्यावरच्या बाईने ते चित्रण राजीखुशीने होऊ दिलं का, ते जगापुढे जायला तिची हरकत नव्हती ना, हे पाहणाऱ्याला कळायला कोणताही मार्ग नाही. हापूसच्या पेटीत बाहेरचा आंबा मिसळला तर आपण रान उठवतो. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते माल कुठला हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणूनच. जिवंत माणसाच्या शरीराबाबत मात्र ‘हे आलं कुठून’ हा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ इथल्या एका बंगल्यावर छापा घातला आणि मालवणी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. वेबसिरीजमध्ये काम देतो म्हणून नवख्या तरुणींना बोलवायचं आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी अश्लील दृश्यं करायला भाग पाडायचं, असा आरोप होता. त्या वर्षी जुलैमध्ये एका नामांकित उद्योजकाला अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. त्याने आरोप नाकारले आहेत. न्यायालयात जे ठरायचं ते ठरेल. पण कामाच्या आशेने मुंबई गाठणं म्हणजे काय, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. ज्या जिल्ह्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईत आहे, त्याने ही बातमी परक्याची म्हणून वाचू नये.

निकाल लागलेलं प्रकरण हवं असेल तर अमेरिकेतल्या सॅन डिएगोचं घ्या. ‘गर्ल्स डू पॉर्न’ नावाच्या संकेतस्थळाच्या लोकांनी मॉडेलिंगच्या जाहिराती देऊन तरुणींना बोलावलं. चित्रफीत इंटरनेटवर येणार नाही, परदेशातल्या मोजक्या गिऱ्हाइकांना डीव्हीडीवर विकली जाईल, अशी खात्री त्यांना दिली गेली. ती खोटी होती. जानेवारी २०२० मध्ये २२ जणींच्या बाजूने निकाल लागला आणि सुमारे सव्वा कोटी डॉलरची भरपाई ठरली. मुख्य सूत्रधाराला सप्टेंबर २०२५ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. या चित्रफिती वर्षानुवर्षं पॉर्नहबसारख्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळावर उघड चालू होत्या. पाहणाऱ्यांना त्यात खुशीने काम करणाऱ्या मुली दिसत होत्या, कारण तसंच दिसावं अशी व्यवस्था केलेली होती. पॉर्नहबच्या मालक कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांशी केलेल्या करारात या मानवी तस्करीतून आलेला पैसा आपल्याकडे पोचल्याचं मान्य केलं. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, व्हिसा आणि मास्टरकार्डने व्यवहार थांबवल्यावर याच संकेतस्थळाने ओळख न पटलेल्या लोकांनी चढवलेल्या चित्रफिती काढून टाकल्या, तेव्हा संग्रहाचा निम्म्याहून जास्त भाग गेला. म्हणजे तोवर कुणी काय चढवलंय हे मालकालाही ठाऊक नव्हतं. ते त्याला ठाऊक असावंसं वाटलं ते पैशाची नाडी आवळल्यावर.

‘मी तर फुकट पाहतो, मी कुणाचं काय बिघडवलं?’ हे उत्तर सर्रास मिळतं. फुकट संकेतस्थळ जाहिरातीवर चालतं आणि जाहिरातीचा दर पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. त्या संख्येत रत्नागिरीतला मोबाईलही मोजला जातो. हीच गोष्ट व्हॉट्सॲपवरच्या ‘लीक’ चित्रफितींची. तिथे तर पैसाही लागत नाही, एका मुलीचं आयुष्य गावभर फिरवायला एक बोट पुरतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो आपल्याच मातीतून येतो. र. धों. कर्वे दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांपैकी. त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. मग आज पॉर्नविरुद्ध बोलणारे हे कर्व्यांवर खटले भरणाऱ्यांचेच वारसदार नव्हेत का? नव्हेत. कर्वे लैंगिक ज्ञानासाठी, संततिनियमनासाठी आणि बाईलाही स्वतःची इच्छा असते हे मान्य व्हावं म्हणून भांडले. बाईची इच्छा फसवणुकीने बाजूला सारून कमावलेल्या पैशाचं समर्थन त्यांच्या नावावर करता येणार नाही. सगळंच चित्रण जबरदस्तीचं असतं असा दावा इथे नाही. स्वतःच्या निर्णयाने या व्यवसायात असलेल्या स्त्रियाही आहेत. प्रश्न इतकाच, की बघ्याला दोन्हीत फरक करता येत नाही.

तब्येतीच्या बाबतीत मात्र थोडं सावध बोलायला हवं. पॉर्नने स्मरणशक्ती जाते, अशक्तपणा येतो, असली भीती घालून गोळ्या खपवणारे ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ एसटी स्टँडच्या भिंतींवर भरपूर आहेत. त्यांच्या धंद्यात आपण भर घालू नये. पॉर्नला व्यसन म्हणावं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मात्र लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटून काम, घर आणि नाती विस्कटणं हा विकार म्हणून नोंदलेला आहे. नुसत्या अपराधी भावनेवरून हे निदान करू नये, असंही त्यातच म्हटलं आहे. तेव्हा स्वतःला विकृत समजून कुढू नका, पण ठरवूनही थांबता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रत्नागिरीत १८८६ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

सरकारनेच बंदी घालावी, म्हणजे आपल्याला काही करायला नको, असं म्हणणाऱ्यांनी मागचा अनुभव आठवावा. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळं रोखण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच बराचसा मागे घेतला गेला. २०१८ मध्ये ८२७ रोखली, जुलै २०२५ मध्ये २५ ॲप्स. धंदा व्हीपीएन आणि टेलिग्रामकडे सरकला. मागणी जागेवर असेल तर पुरवठा वाट काढतोच, आणि मागणी आपल्या हातात आहे.

म्हणून आजच असले ग्रुप सोडा, साठवलेलं पुसून टाका, रात्री मोबाईल उशाशी घेऊ नका. चार दिवसांनी पुन्हा पाहिलं गेलं तर ‘आता काय, मोडलंच’ म्हणून सोडून देऊ नका. लहान मुलांचं असं चित्रण पाहणं आणि जवळ बाळगणंही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. शाळांनी आणि आईवडिलांनी मुलांशी या विषयावर बोलावं, नाहीतर त्यांचा पहिला धडा मोबाईलच देतो. गणेशोत्सव मंडळांनी चाकरमानी गावात असतात त्या दिवसांत एक संध्याकाळ डॉक्टर आणि सायबर पोलिसांसाठी राखून ठेवावी.

आणि उद्या आपल्याच वाडीतल्या एखाद्या मुलीची चित्रफीत तुमच्या मोबाईलवर आली, तर ती उघडू नका, पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख टिपून ठेवा. ती तिथे गेलीच कशाला, हा प्रश्न गावकीत कुणाला विचारू देऊ नका. तिच्या घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, आणि स्त्रिया व मुलांविषयीच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात.