जीपला डिस्क ब्रेक : आजोबा बरोबर की मिस्त्री?



या आठवड्याच्या टपालात वाईहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तिच्या घरी आजोबांच्या काळातली जीप आहे. मे महिन्यात घरची सगळी मंडळी आणि बरंच सामान घेऊन बाबा पाचगणीहून पसरणी घाटाने खाली येत होते. शेवटची काही वळणं राहिली होती, तेवढ्यात ब्रेकचं पायडल खाली खाली जायला लागलं. बाबांनी दोन-तीनदा पायडल मारून, गिअर कमी करून गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला थांबवली. चाकांतून जळका वास येत होता. अर्धा तास थांबल्यावर ब्रेक पुन्हा लागायला लागले. जणू काही झालंच नव्हतं!

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. मिस्त्री म्हणतात, ‘‘पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू.’’ आजोबा म्हणतात, ‘‘एवढी वर्षं मी ड्रमवरच घाट उतरलो. उगीच खर्च कशाला?’’ आणि आपली मैत्रीण विचारते, ‘‘खरं कोणाचं?’’

चला तर, आज या भांडणाचा निकाल लावू. पण निकालाच्या आधी साक्षीपुरावे!

पहिला प्रश्न : ब्रेक नेमकं करतो काय?

तुम्ही म्हणाल, गाडी थांबवतो. बरोबर. पण धावत्या गाडीतली ऊर्जा जाते कुठे? दोन्ही तळहात जोरजोरात एकमेकांवर घासून बघा. गरम झाले ना? ब्रेकही हेच करतो. गाडीच्या गतीची तो उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो. म्हणजे ब्रेक हे खरं तर एक उष्णतेचं यंत्रच आहे.

ही उष्णता किती? जरा गणित करू. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण ५५० मीटरचा फरक आहे. माणसं आणि सामान धरून जीपचं वजन १८०० किलो धरा. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे झाले सुमारे ९७ लाख ज्यूल. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला लागतात सुमारे ३ लाख १४ हजार ज्यूल. भागाकार करा बरं. उत्तर येतं तीस लिटरच्या आसपास. पंधरा लिटरच्या दोन बादल्या पाणी उकळेल एवढी उष्णता! एक घाट उतरताना ही सगळी कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जाते. इंजिनाला जेवढी घेऊ द्याल तेवढी इंजिन घेतं. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

दुसरा प्रश्न : मिस्त्री पुढच्याच चाकांचं का बोलतात?

एस.टी.त उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की तुम्ही कुठे जाता? पुढे! गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं हलकी होतात. सायकल हातात धरून चालत न्या आणि एकदा फक्त पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक उचलायला बघतं. आता फक्त मागचा दाबा. चाक नुसतं घासत जातं. म्हणूनच जोरात थांबताना निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचे ब्रेक करतात. आणि काम जास्त म्हणजे उष्णताही जास्त.

तिसरा प्रश्न : ड्रम दमतो कसा?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी पातेलंच म्हणा. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर चिकटवलेले असतात. तुम्ही पायडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकापर्यंत दाब पोचवतं. हा फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम. त्या दाबाने शू बाहेर ढकलले जातात आणि पातेल्याच्या आतल्या भिंतीला घासतात.

ड्रमची एक गंमत आहे. दाराखाली लाकडी पाचर सरकवली, की दार जितकं ढकलावं तितकी ती जास्तच घट्ट बसते. ड्रममध्ये पुढचा शू तसाच वागतो. फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो आणि तो आणखी घट्ट दाबला जातो. म्हणून पायाला जोर कमी लागतो.

पण संकटही तिथेच आहे. घासणं सगळं बंद पातेल्याच्या आत! उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मग तीन गोष्टी घडतात. एक, तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो. त्याला गाठायला शूला जास्त सरकावं लागतं, म्हणून पायडल खाली जातं. दोन, लायनर फार तापला की त्याचं घर्षण कमी होतं. पायडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. तीन, चाकाजवळचं ब्रेक ऑइल उकळतं. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पायडल स्पंजासारखं लागतं आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॉट ३ जातीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० वर येतो. म्हणजे जुनं ऑइल घाटात किती लवकर दगा देईल बघा! आता पत्रातली खूण आठवा. पायडल खाली गेलं, दोन-तीनदा मारल्यावर थोडे ब्रेक लागले, गार झाल्यावर सगळं ठीक. म्हणजे संशयित दोघे : फुगलेला ड्रम आणि जुनं ऑइल.

चौथा प्रश्न : डिस्कमध्ये असं काय आहे?

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात. ती चिमटी म्हणजे कॅलिपर. चकती उघडी असल्यामुळे वारा लागतो आणि ती लवकर निवते. तापून फुगली तरी ती पॅडपासून लांब पळत नाही. पावसात ओढा ओलांडला तर ड्रममध्ये पाणी शिरून बसतं, चकती मात्र फिरता फिरता ते झटकून टाकते.

कल्पना नवी नाही बरं का. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण तिचा बोलबाला झाला १९५३ साली. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत त्या वर्षी डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने जिंकली. इतर गाड्यांचे ड्रम दमत होते, तेव्हा जग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लावू शकत होते.

मग जुन्या जीपला ड्रमच का? जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. १९४१ पासून बनलेली विलीज जीप जेमतेम ११०० किलोची होती. तिचा जास्तीत जास्त वेग ताशी शंभर-एक किलोमीटर आणि चारही चाकांना ड्रम. त्या कामाला ते पुरत होते. युद्धानंतर मुंबईत महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि आपल्या गावोगावी जीप पोचली. पुढे जीपगाड्या जड झाल्या, रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढला. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, हे विसरू नका. ४० ऐवजी ८०ने जाणाऱ्या गाडीच्या ब्रेकला चौपट उष्णता गिळावी लागते.

पाचवा प्रश्न : मग बसवा डिस्क! सोपं आहे ना?

थांबा, थांबा! इथेच पुष्कळ जण फसतात. नुसती चकती आणि कॅलिपर अडकवून भागत नाही.

डिस्कला ती पाचरीची मदत नसते, म्हणून पायाला जोर जास्त लागतो. त्यासाठी बूस्टर हवा. बूस्टर चालतो निर्वात पोकळीवर. पेट्रोल इंजिनात ती आपोआप मिळते. डिझेल इंजिनात तशी पुरेशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो.

कॅलिपरचे पिस्टन मोठे असतात, त्यांना ऑइल जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलेलच असं नाही. शिवाय ड्रमसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेवर तसाच राहिला, तर पॅड सदोदित चकतीला घासत राहतील आणि गाडी न थांबवताच तापतील. जुन्या रबरी नळ्या दाबाने फुगतात, त्याही बदलायला हव्यात. कॅलिपर रिमला घासत नाही ना, तेही बघायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल. मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. म्हणून हे सगळं जुळवणारा अनुभवी मिस्त्रीच हवा. गाडीत मनाला येईल तसे बदल कायद्यालाही चालत नाहीत, तेव्हा आधी आर.टी.ओ.त चौकशी करायची. नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून बऱ्याचदा हळुवार ब्रेक लावून पॅड आणि चकती यांची ओळख होऊ द्यायची.

आता निकाल

मिस्त्रींचं बरोबर आहे. घाटात राहणाऱ्या, भरलेल्या जीपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडी खरोखर चांगली. पण काम करायचं तर पूर्ण. अर्धवट बसवलेल्या डिस्कपेक्षा नीट ठेवलेला ड्रम केव्हाही बरा.

आणि आजोबा? मैत्रिणी, आज घरी गेलीस की आजोबांना एक प्रश्न विचार : ‘‘तुम्ही घाट कोणत्या गिअरमध्ये उतरत होता?’’ माझी पैज आहे, ते म्हणतील, ‘‘ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच!’’ जुन्या ड्रायव्हरांचा हा मंत्र होता. गिअर लहान ठेवला की इंजिनच गाडीला मागे धरतं आणि त्या दोन बादल्यांतला मोठा हिस्सा इंजिनाच्या वाट्याला जातो. आजोबांचे ड्रम दमले नाहीत, कारण आजोबांनी त्यांना दमू दिलं नाही. बाबांनी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच घाट उतरला असेल, तर डिस्कही एक दिवस दमेल. तिचा दम फक्त मोठा आहे इतकंच.

तेव्हा माझा निकाल असा. उद्याच्या उद्या जुने ड्रम उघडून लायनर, सिलिंडर, नळ्या तपासून घ्या आणि ब्रेक ऑइल नवं भरा. ते होईपर्यंत जीप घाटात न्यायची नाही! मग पैसे जमतील तसं डिस्कचं काम पूर्ण करा. आणि गिअर मात्र आजोबांचाच!

गॅरेजात काम बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुफ्फुसाला फार वाईट, म्हणून ड्रम उघडताना लांब उभे राहा आणि फुंकर तर मुळीच मारू नका. आणि घाटात तापलेल्या ड्रमवर कुणी पाणी ओतायला निघालं, तर हात धरा. लोखंड तडकू शकतं. ते आपलं आपण निवू द्यावं.

हो, अजून एक. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे काही बहाद्दर असतात. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम पंपही बंद! दोन-चारदा पायडल दाबलं की बूस्टरमधली शिल्लक संपते आणि पायडल दगडासारखं होतं. असा बहाद्दर तुमच्या गाडीत असेल, तर त्याला हे पान वाचायला द्या.

पुढच्या आठवड्यात बघू, टायरवरच्या त्या नक्ष्या कशासाठी असतात ते. तोवर तुमच्या सायकलचे ब्रेक एकदा तपासा. आणि वाईच्या मैत्रिणी, आजोबांचं उत्तर मला नक्की कळव!