चष्मा घालवणारी रात्रीची लेन्स : घेण्याआधी हे विचारा

बारावी झाली की राहाता, लोणी, कोल्हार भागातल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न : चष्मा कसा घालवायचा? कुणाला भरतीला उतरायचे असते, कुणाच्या मुलीला स्थळे येऊ लागलेली असतात. (मुलाच्या चष्म्याने लग्न अडल्याचे मात्र फारसे ऐकू येत नाही.) आजवर याचे उत्तर एकच होते, लेसर. आता दुसरे ऐकू येते : ऑपरेशन नको, रात्री लेन्स घालून झोपा, सकाळी काढा, दिवसभर चष्म्याशिवाय वावरा. याला ऑर्थो-के म्हणतात. उपाय खरा आहे, पण त्याला लेसरचा पर्याय म्हणणे मला पटत नाही.

डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लेसरने त्याचा थोडा भाग कायमचा काढला जातो. रात्रीची लेन्स कडक पण प्राणवायू आत जाऊ देणारी असते. सात-आठ तासांच्या झोपेत ती पारपटलावरच्या पेशींचा थर मधोमध किंचित चपटा करते. हा फरक काही मायक्रॉनचाच असतो, पण तेवढ्याने उणे नंबर उतरतो, साधारण उणे सहापर्यंत. अमेरिकेत रात्रीच्या वापराला २००२ मध्ये मान्यता मिळाली. लेन्स घालणे थांबवले की काही दिवसांत नंबर परत येतो.

म्हणून भरतीचा हिशेब इथे चुकतो. रेल्वेत सहायक लोको पायलटला चष्म्याविना ६/६ नजर लागते आणि लेसर केलेला उमेदवार चालत नाही. मग लेन्स घालून तपासणी पार करू, असे कुणाच्या मनात आले तर त्याने पुढचा विचार करावा. लागोपाठ रात्रपाळ्या झाल्या, झोप झाली नाही, तर सिग्नल धूसर दिसणार, आणि मागे गाडीभर माणसे.

या लेन्सचे खरे काम वेगळेच आहे. ज्या शाळकरी मुलांचा नंबर दरवर्षी वाढतो, त्यांच्यात ती ही वाढ मंदावते. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांत नेत्रगोलाची लांबी वाढण्याचा वेग सुमारे ४३ टक्के कमी आढळला. लेसरला हे जमत नाही आणि अठराच्या आत ते करतही नाहीत. अशा मुलांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

पण बोलताना पाण्याचा विषय काढावा. २०१३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार दहा हजार मुलांनी ही लेन्स वर्षभर वापरली, तर सुमारे १४ जणांच्या पारपटलाला जंतुसंसर्ग होतो. आकडा लहान वाटतो, पण संसर्ग बरा झाल्यावरही पारपटलावर पांढरा डाग राहू शकतो, आणि तो मधोमध असेल तर नजर जाते. आपल्याकडे घराघरांत बोअरचे किंवा टाकीचे पाणी. त्यात अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग महिनोन् महिने हटत नाही. लेन्स किंवा तिची डबी पाण्याने एकदाही धुवायची नाही, नळाच्या नाही आणि उकळून गार केलेल्याही नाही. फक्त लेन्सचे द्रावण, आणि ते रोज नवे. उसाची पात डोळ्याला लागली किंवा नगर-मनमाड रस्त्याची धूळ जाऊन डोळा खुपत असेल, तर त्या रात्री लेन्स घालायची नाही. खरचटलेल्या पारपटलावर बुरशी कशी धरते, हे शेतकरी घरांना सांगायला नको.

लेन्स पुण्या-नाशिकहून बसवून आणली तरी पहिल्या रात्रीनंतर, आठवड्याने, महिन्याने आणि पुढेही ठरावीक काळाने तपासणी लागते. तेवढ्या फेऱ्या जमणार नसतील तर चष्माच बरा. पैसे भरण्यापूर्वी लेन्स देणाऱ्याला विचारा : रविवारी रात्री डोळा लाल झाला, तर पाहणार कोण? डोळा दुखला, पाणी आले किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढावी, मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्यावी, जंतू शोधायला तीही तपासता येते.