जगणे हा गुन्हा, देखावा मात्र विक्रीस!

कलहारीच्या रुक्ष प्रदेशात शिकार व कंदमुळे यांवर हजारो वर्षे जगत आलेला सॅन समाज आज पर्यटन-व्यवसायाचे एक आकर्षण ठरला आहे. त्याने कातड्याची वस्त्रे नेसावीत, काटक्या घासून अग्नी पेटवावा, रात्री शेकोटीभोवती नाचावे. आणि पाहुण्याने पैसे मोजून 'आदिम जीवना'चा अनुभव घ्यावा, असा हा व्यवहार आहे. पाहुण्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न कुतूहलाचा नसून मालकीचा आहे.

बोट्स्वानाचाच दाखला घ्या. मध्य कलहारी अभयारण्य १९६१ साली ब्रिटिश अमदानीत स्थापन झाले, ते वन्यप्राण्यांबरोबर तेथील रहिवाशांचे जीवनही सुरक्षित राहावे म्हणून. स्वतंत्र देशाच्या सरकारने मात्र १९९७ व २००२ साली त्याच रहिवाशांना बाहेरच्या वसाहतींत नेऊन टाकले आणि त्यांची कूपनलिका बंद केली. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने २००२ सालची हकालपट्टी बेकायदा ठरवली. तरीही सरकारने विनापरवाना परतण्याचा हक्क केवळ दाव्यात नावे असलेल्यांपुरताच मानला. पाण्याचा हक्क मिळण्यास तर अपील न्यायालयाचा २०११ चा निकाल यावा लागला. दरम्यान त्याच अभयारण्यात पर्यटकांसाठी पोहण्याच्या तलावासह निवासस्थान उभे राहिले होते! २०१४ साली शिकारबंदी आली, तेव्हा खासगी रानांतील शौकिनांच्या शिकारीला सूट मिळाली. पोटासाठी शिकार करणारा सॅन मात्र गुन्हेगार ठरला. २०१९ साली ती बंदी उठली. परंतु २०२१ मध्ये निधन पावलेल्या एका वृद्धाला पूर्वजांच्या भूमीत मूठमाती मिळण्यासाठी २०२४ मधील सत्तांतराची वाट पाहावी लागली.

म्हणजे धनुष्यबाण पाहुण्यांपुढे धरला तर ती संस्कृती, आणि मुलाबाळांसाठी उचलला तर तो अपराध! माणसाची भूमी काढून घ्यावयाची आणि त्याच्या जगण्याचे कवच तेवढे विकावयास ठेवावयाचे, ही भांडवलशाहीची जुनीच रीत आहे.

पर्यटनाने या गरिबांना चार पैसे मिळतात, असा युक्तिवाद केला जातो. मिळतात, हे खरे. परंतु ज्याच्यापाशी दुसरा पर्यायच उरू दिलेला नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणावे काय? उलट उदाहरण शेजारच्या नामिबियात आहे. तेथील न्याए-न्याए भागात १९९८ पासून जुहोआन्सी सॅन आपल्या संरक्षित क्षेत्राचा कारभार स्वतः पाहतात व परंपरागत शिकारही करतात. ग्राशूक येथे २००४ साली सुरू झालेले जिवंत संग्रहालयही तेथील लोकच चालवतात. काय दाखवावे, किती दाम घ्यावा, हे तेच ठरवतात. तेथे दारिद्र्य संपलेले नाही. परंतु यजमान हा यजमान आहे, प्रदर्शनातील वस्तू नव्हे.

म्हणून सॅन वस्तीला भेट देणाऱ्याने नृत्य पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ही जमीन कोणाची? पाणी कोणाच्या ताब्यात? आणि मी दिलेला पैसा कोणाच्या हाती जातो? संस्कृतीचे रक्षण टाळ्यांनी होत नाही. ते भूमी, पाणी आणि निर्णयाचा अधिकार यांनीच होते.